कुमुदताई आणि पट्टीचा ताण

कुमुदताई सोनवणे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या सुरतेतल्या लिंबायत भागातल्या आपल्या दवाखान्यात फरशीवर बसून एका माणसाच्या टाचा न्याहाळत होत्या. मी नुकतीच फिजिओथेरपीची पदवी घेऊन, कडक इस्त्रीचा पांढरा कोट घालून मुलाखतीला आले होते. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "तूही बस खाली. उभं राहून पाय दिसत नाहीत." मुलाखत तेवढीच झाली. त्याला आता तेरा वर्षे झाली. यंदा ताई साठ वर्षांच्या होत आहेत, आणि मला तो दवाखाना फार आठवतो.

ताई मूळच्या अमळनेरच्या, लग्नानंतर सुरतेला आलेल्या. त्यांचे बहुतेक रुग्ण यंत्रमाग कामगार. पाळीभर मागांच्या रांगांमधून चालायचे, त्यात तळवा सपाट असला की पाय आत झुकतो आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत दुखू लागते. अशांच्या पायाला ताई लवचीक पट्टी लावत, पण आधी स्पष्ट सांगत, "ही पट्टी पायाला कमान देणार नाही. पाय आत झुकायला लागला की सावध करील, एवढंच. व्यायाम तुम्हालाच करायचा आहे." हे ऐकून काही जण दुसरीकडे जात. ताईंनी त्यांना थांबवण्यासाठी कधी खोटी आशा दाखवली नाही.

माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात जवळच्या गोडादऱ्याचे रामदासभाऊ आले. ताई बाहेर होत्या. जास्त ओढले की जास्त आधार मिळेल, असे समजून मी त्यांच्या उजव्या पायाला पट्टी पूर्ण ताणून लावली, अगदी टोकांपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. पट्टीखाली फोड आले होते, काढताना कातडी सोलली गेली होती आणि रामदासभाऊ कामावर जाऊ शकत नव्हते. "पाय बरा करायला पाठवला होता की घरी बसवायला?" त्यांनी विचारले. ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी हिला नीट शिकवलं नाही."

त्याच संध्याकाळी मी राजीनामा लिहून दिला. ताईंनी तो वाचला, घडी घालून मला परत केला. "उद्या सकाळी त्यांच्या घरी जायचं आहे. मलमपट्टी तू करायचीस."

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी त्यांनी माझ्या पायाला मी लावली होती तशीच ताणलेली पट्टी लावली, आणि मग स्वतःच्याही. दिवसभर आम्ही दोघी तशाच वावरलो. दुपारपर्यंत टोकांजवळची कातडी चुणचुणू लागली. संध्याकाळी पट्ट्या काढल्यावर ताईंनी आपल्या पायावरचा लाल वळ दाखवला. "ताण फक्त मधल्या भागात द्यायचा. टोकं नुसती टेकवायची. आता विसरणार नाहीस." त्या रागावल्या असत्या, तर मला सोपे गेले असते.

आठवडाभर आम्ही रोज गोडादऱ्याला गेलो. ताई अहिराणीत घरच्यांशी बोलत, आणि मी खाली मान घालून जखम साफ करी. जखम भरली, रामदासभाऊ कामावर रुजू झाले. त्यानंतर महिन्याभराने ते दवाखान्यात आले. ताई समोरच होत्या, तरी ते माझ्यापुढे येऊन बसले आणि त्यांनी डावा पाय पुढे केला. "ताई, या पायले बी पट्टी लाई दे," ते मला म्हणाले. मी पट्टी कापायला घेतली. कुमुदताई मुद्दाम आतल्या खोलीत निघून गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

आज माझा स्वतःचा दवाखाना आहे. हाताखालच्या मुलींवर आवाज चढू लागला, की मला ती बंद झालेली आतली खोली आठवते आणि मी गप्प होते.

ताई, आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आपल्या हाताखाली घडलेल्या आम्हा सर्वांच्या चुका अजून संपलेल्या नाहीत. त्या दाखवायला आपण हव्या आहात.