गारेनने गाडी आत घेतली

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या त्या पठारावर कुणाच्या स्नोमोबाइलची, बर्फावर धावणाऱ्या गाडीची, रेस अडकली, की तो आधी देवाचं नाव घेई आणि मग गारेनचं. देव निदान ओरडत तरी नसे.

"चालू कशाला केलीस, मेल्या? आधी रेसचा अंगठ्याचा खटका दाबायचा, सोडायचा. टक्कन मागे आला तरच इंजिनाची दोरी ओढायची! डोकं घरी ठेवून निघतोस का?"

तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच ती झाकण उघडायची, रेसच्या केबलीत शिरलेला बर्फ काढायची, कार्बोरेटर पुसायची. हे सगळं ती बापाच्या घरी शिकली. रेनडिअरच्या कळपामागे धावायला पहिली गाडी आली तेव्हा भाऊ ऐटीत चालवायचे, पण थंडीत हातमोजे काढायचं नाव घेत नसत. काढायची ती गारेन. म्हणून पन्नाशीतच तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

तिचा नियम एकच, आणि तो गावातल्या पोराटोरांना पाठ होता. गाडी गारठलेली चालेल, घामेजलेली नको. उबेत नेली की अंगावरचा बर्फ वितळतो, पाणी केबलीत उतरतं, आणि बाहेर पडल्यावर वाटेत कुठेतरी तेच गोठतं. मग तुम्ही अंगठा उचललात तरी गाडी काही थांबत नाही.

आणि काल तिनेच नवऱ्याची, इस्सातची गाडी शेगडी पेटवलेल्या शेडमध्ये घेतली होती. गाडीचा पुढचा दिवा गेला होता. वायरी केसासारख्या बारीक, बाहेर उणे पस्तीस. उघड्या हातांनी करणार काय? अख्खी संध्याकाळ तिने त्यात घातली. उद्याचा दिवस गाडी आतच ठेवू, चांगली वाळू दे, असं तिने ठरवलं. पण ठरवलं ते मनात. इस्सातला सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी ती मागे लाकडं फोडत होती तेवढ्यात शेजारच्या लेमेतचा इस्सातला फोन आला. इस्सातचे रेनडिअर वाऱ्याकडे तोंड करून लेमेतच्या कुरणाकडे निघाले होते. दोन कळप मिसळले की पुन्हा कुंपणात कोंडून एकेक जनावर निवडा, आणि गाभण माद्यांचे हाल करा. इस्सातने उभ्या उभ्या कॉफी घशात ओतली आणि निघाला.

गारेन शेडमध्ये आली तर गाडी नाही. जमिनीवर नुसतं पाण्याचं थारोळं.

फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. "उचल ना रे, बाबा!" कुत्री भुंकायला लागली, त्यांच्यावर खेकसली. मग बाहेर गारठत उभी असलेली जुनी गाडी काढली. घाई होती, तरी खटका दाबून सोडून पाहिलाच.

इस्सातच्या गाडीचा माग ताजा होता. तो बघत बघत ती निघाली. टेकडीपर्यंत सगळं ठीक. पुढे नदीकडे उतार लागला. तिथे शहाणा माणूस रेस कमी करतो. इथे मात्र माग जराही मंदावला नव्हता, बर्फ तसाच मागे उडालेला. वळणावर माग वळलाच नाही. सरळ झुडपांत घुसला.

"मी मारला त्याला," ती मोठ्यांदा म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

गाडी झुडपांत आडवी पडली होती, इंजिन बंद. खटका हँडलच्या दांड्याला चिकटून दगड झालेला. इस्सात नव्हता. रक्तही नव्हतं. पावलं होती, त्यातलं एक फरफटत गेलेलं. आणि ती पावलं घराकडे नव्हे, कळपाच्या दिशेने चालली होती! गारेनने त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गाडी पुढे काढली.

दोन वळणांपलीकडे तो दिसला. भुवयांवर बर्फ, हातात झुडपाची काठी, लंगडत चाललेला.

"आलीस?" तो म्हणाला. "बरं झालं. अजून गाठता येतील त्यांना."

गारेनने उतरून त्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. "गाडी ओली होती! मी आत घेतली, मी! तुला सांगायला हवं होतं."

"ठाऊक आहे. गाव सोडतानाच खटका जड लागला."

"मग परत नाही फिरायचं? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

इस्सात तिच्या बोटांकडे बघत राहिला. तिच्या हातात मोजे नव्हते. घाईत घालायचेच राहिले होते.

"संध्याकाळभर या हातांनी काम केलंस," तो म्हणाला. "सकाळी परत आणून तुला कसं सांगू, की तुझ्याकडूनही चुकलं म्हणून? हळूहळू जाईन म्हटलं."

सगळ्या गावाला शिव्या घालणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठायला लागलं.

"बस मागे," ती म्हणाली.

तो कण्हत बसला. तिने गाडी घराकडे वळवली, तसा तो तिच्या खांद्यावर थापट्या मारायला लागला.

"अगं, इकडे कुठे? कळप तिकडे आहे!"

"चुलीत गेला कळप," गारेन म्हणाली.