झोळ्यांखालून
बाळंतीण नातसुनेच्या खोलीतून शेपाच्या धुरीचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. तरुणपणी सोलापुरात गिरणीच्या चाळीत मी एकटीच नर्स होते. उन्हाळ्यात तान्ही पोरं हगवणीने जात होती, म्हणून आरोग्य खात्याच्या साहेबांकडे मी दुसरी नर्स मागितली. ते म्हणाले, "बाई, नोंदी बघा, या चाळीत जन्मच होत नाहीत. नर्स कशाला?" मी त्यांना चाळीतच घेऊन गेले. घरोघरी शेपाचा धूर कोंदलेला, दारोदारी लुगड्यांच्या झोळ्या. साहेब हॅट सावरत त्यांच्याखालून वाकून वाकून चालले. एका झोळीतलं पोर कण्हत होतं. त्याची आई म्हणाली, "आमी समद्या बाळंतपणाला माहेरी जातो की. ह्ये माज्या माहेरी, कुंभारीला झालं, दोन महिन्यांचं हितं आणलं." साहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, कळलं एकदाचं. आठवड्याने हुकूम आला: जन्म कुंभारीत होतात, सबब नर्सबाईंनी कुंभारीस रुजू व्हावे. मी ट्रंक घेऊन त्या गावात शिरले, तेव्हा समोरून एक माहेरवाशीण तान्हं पोटाशी धरून सासरी, गिरणीच्या चाळीकडे निघाली होती. साहेब कधीच वारले. माझं त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही.