काकवीचा डाग

ऐका हो ऐका! माळेगावच्या पंचक्रोशीत गोष्टीवेल्हाळ म्हणून मिरवणारा हा इसम आज एक अत्यंत गंभीर निवेदन करीत आहे. आजवर हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही.

आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कोपरावर पांढरा डाग होता. तरुणपणी गुऱ्हाळात गूळ करताना उकळती काकवी उडाली, त्याचा — असं गाव समजायचं, माझी आईही समजायची. आणि ती गोष्ट मी काय रंगवायचो! ती कढई, तो जाळ, आबांची किंकाळी — किंकाळी तर दोन सुरांत काढायचो. पाहुणे चहा विसरायचे.

डाग भाजल्याचा नव्हताच. कोड होतं ते. माझी सोयरीक ठरताना आबांनी मला उसात नेऊन सांगितलं, कारण मुलीकडचे पहिली चौकशी त्याचीच करतात. आम्ही दोघं गप्प बसलो. आबा गेले — मी अजून गप्पच.

मग माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या बोटांवर पांढरे ठिपके उठले. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं — शरीराचे पहारेकरीच चुकून आपल्या रंगाच्या पेशींवर तुटून पडतात. जनुकांतले बारीकसारीक फरक आईकडूनही येतात, बापाकडूनही. दोष कुणाचाच नसतो. पुढं विचारलं — घरात कुणाला कोड, किंवा त्याच्याच जातीतलं थायरॉईड? माझ्या बायकोनं, सुनंदानं, लगेच सांगितलं — इंदापूरला आईला थायरॉईड आहे. मग बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, एवढा बोलका माणूस, काय केलं असेल? मान हलवली. आमच्याकडं काही नाही.

घरी आईनं निकाल लावला, "हे हिच्या माहेरचं हाय. आमच्यात कुणाला न्हाय." त्या दिवाळीला सुनंदा इंदापूरला गेलीच नाही.

एवढंच असतं तर — पण नाही ना. एका रविवारी मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःच एसटीनं आल्या. चपला काढल्या आणि थेट नातीचे हात धरले. "माझ्यामुळं झालं गं पोरी," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आई, सुनंदा, शेजारच्या दोघी — सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी बोललो की! हात जोडून, अगदी मोठ्या मनानं —

"असू द्या मामी. आमी केलं तुमाला माफ!"