पाच फायनल आणि सोपाननानांचा हात

आमच्यावर गोल झाला की सोपाननाना कुणाकडे बघायचे नाहीत. वळून जाळ्यात जायचे, बॉल स्वतः उचलायचे, जर्सीच्या पोटावर पुसून मैदानाच्या मध्याकडे फेकायचे आणि मग डावा हात डोक्याच्या वर नेऊन म्हणायचे, "माझा." कोण जागचा हलला नाही, कोणी पाय घालायला उशीर केला, हे बाहेर टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या माणसालाही दिसलेलं असायचं. तरी गोल नानांचा. दहा वर्षं ते आमच्या कंपनीच्या संघाचे गोलकीपर होते आणि त्या दहा वर्षांत आमच्यावर झालेला एकही गोल दुसऱ्या कुणाचा ठरला नाही.

चाकणकडच्या कंपन्यांची फुटबॉल स्पर्धा दर थंडीत व्हायची. आमचा संघ बहुतेक प्रेस शॉपमधल्यांचा, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या खात्यातल्यांचा; तो तिथे फायनलला जाण्यासाठी प्रसिद्ध होता आणि फायनल हरण्यासाठी त्याहून जास्त. मी लातूरकडून येऊन ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा तीन फायनल हरून झाल्या होत्या. टाइम ऑफिसच्या काचेच्या कपाटात उपविजेतेपदाच्या तीन ढाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आम्ही चढलो की मोठ्याने सांगायचा, "सरका, उपविजेत्यांना जागा द्या." कँटीनवाल्याने पहिल्या दोन फायनलला सकाळीच जिलेबी तळून ठेवली होती, तिसऱ्या वेळी म्हणाला, आधी निकाल कळू दे. नाना त्याला म्हणाले, "हरल्याव बी जिलबी गोडच लागती. तळ तू."

नाना राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावचे. थोडी शेती उरलेली, बाकीच्या रानात आता कंपन्यांचे शेड. मूळचे कबड्डीतले. कंपनीने फुटबॉलचा संघ काढला तेव्हा कीपर मिळेना, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "उड्या मारनारा जिता मानूस धरतो मी. बॉल काय, त्याला तर पाय बी न्हाईत." हातमोजे ते घालायचे नाहीत. मोज्यात बॉल कळत नाही म्हणायचे. सामन्याआधी मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि शेवटपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवायचे. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "ए लातूर, मानूस बघ, बॉल काय बघतोस?"

संघात त्यांचा जोडीदार म्हणजे बबन. एकाच गावचे, दोन घरं सोडून राहणारे. एका मोटारसायकलवर यायचे, एका डब्यात जेवायचे. बबन पुढे खेळायचा आणि आमचे बहुतेक गोल त्याचेच असायचे. नाना म्हणायचे, "बबननं घालायचे, म्या आडवायचे. मधल्या नऊ जनांनी आमच्या आडवं येऊ नये, बास."

माझी पहिली फायनल ही संघाची चौथी. शेवटची पाच मिनिटं उरली असताना मी नानांकडे बॉल मागे दिला आणि तो इतका हळू गेला की समोरच्या पोराने मध्येच गाठून आत ढकलला. मी तिथेच गुडघ्यावर बसलो. मागून आवाज आला, "माझा." सामना संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि काहीतरी पुटपुटलो. ते बुटांची नाडी सोडत म्हणाले, "दहा जन चुकत्यात तवा बॉल कीपरपतूर येतो. मंग दहा जनांनी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचं का? एकानं हात वर केला की खेळ फुडं जातो." मला ते फार मोठं वाटलं. आता वाटतं, त्या सवयीने आम्हा दहा जणांची मोठी सोय करून ठेवली होती, आणि ती सोय माझ्याइतकी दुसऱ्या कुणीच वापरली नाही.

आमच्या प्रेस मशीनला दोन बाजूंना दोन बटणं असायची. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा. हेतू हा की साचा येताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन्ही हात गुंतले की काम हळू होतं. म्हणून सगळेच एक बटण दाबून त्याच्या कडेला लोखंडी वॉशर अडकवायचे, म्हणजे ते दाबलेलंच राहायचं, आणि एकाच हाताने मशीन चालवायचे. पाळी संपताना वॉशर काढून खिशात टाकायचा, एवढाच नियम.

दिवाळीच्या आधी एका दिवशी माझ्या मशीनचा साचा बदलायला काढला होता. आठ नंबरवर बबन असायचा; तो गेटपास घेऊन तासभर आधी घरी गेला. सुपरवायझरने मला तोंडीच सांगितलं, तेवढा तास आठ नंबर चालव. मला चार वाजता सरावाला पळायचं होतं. मी वॉशर अडकवला, नग पूर्ण केले आणि पळालो. वॉशर तिथेच राहिला. त्या आठवड्यात नानांची दुसरी पाळी होती; आठ नंबरवर ते आले. पत्रा थोडा तिरका बसला म्हणून डाव्या हाताने सरळ करायला गेले, आणि उजवा हात बटणावर टेकला; दुसरं बटण वॉशरने दाबलेलंच होतं, साचा खाली आला. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि शेजारच्या बोटाचं एकेक पेर गेलं.

चौकशी झाली. कागदावर पहिल्या पाळीत आठ नंबरला एकट्या बबनचं नाव होतं; तो गेल्यावर मशीन बंदच होतं असं सगळ्यांनी धरलं. सुपरवायझर गप्प बसला, कारण कागदावर नसलेलं काम त्यालाही नको होतं. मी गप्प बसलो, कारण तीन आठवड्यांनी माझी कायम होण्याची ऑर्डर निघायची होती आणि घरी मी तसं कळवूनही टाकलं होतं. बबनची नोकरी जाणार अशी हवा झाली. तेव्हा नाना पट्टी बांधलेला हात घेऊन ऑफिसात आले आणि म्हणाले, "वॉशर माझा. म्याच लावला." त्यांना ताकीदपत्र मिळालं आणि विषय मिटला. मला त्या दिवशी हायसं वाटलं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पण मिटलं काहीच नव्हतं. नानांनी बबनला वाचवलं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. मोटारसायकली दोन झाल्या, डबे दोन झाले. बबनने संघ सोडला, मग शॉपही बदलून घेतलं. एकदा चहाला आम्ही दोघंच होतो. नाना आपल्या हाताकडे बघत म्हणाले, "बोटांचं कायी न्हाई रे लातूर. पर म्या त्याच्यासाठी साहेबाफुडं हात वर केला. त्यानं येकदा माझ्या दारात येऊन नुसता हात वर करावा. दुसरं कायी बोलू बी नगं." मी मान हलवली, चहा संपवला आणि मशीनवर जाऊन बसलो.

त्याच थंडीत आम्ही पाचव्यांदा फायनलला गेलो. नाना नकोच म्हणत होते, पण दुसरा कीपर नव्हता. गोल करणारा बबन संघात नाही, आणि गोल अडवणाऱ्याचा डावा हात असा. तरीही शेवटपर्यंत शून्य-शून्य होतं. मग एक साधा, उंच बॉल आला. असे शंभर बॉल नानांनी झोपेत धरले असते. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो आणि बॉलकडे बघतच नव्हतो. त्या हाताकडे बघत होतो. बॉल हातात आला आणि दोन आखूड बोटांच्या बाजूने निसटला. माझ्या पुढ्यातच पडला होता तो, नुसता पाय लावला असता तरी बाहेर गेला असता. समोरच्याने लावला. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "बोटं कमी पडली राव." नाना जाळ्यात गेले, बॉल पुसला, तोच हात वर केला आणि म्हणाले, "माझा." त्यानंतर ते पुन्हा गोलमध्ये उभे राहिले नाहीत.

अकरा वर्षं गेली. मी कायम झालो, सुपरवायझर झालो, आणि शेवटी नव्या पोरांना सुरक्षेचे धडे देण्याचं काम माझ्याकडे आलं. यापेक्षा मोठी थट्टा कोणती असणार? दोन बटणं का असतात हे शिकवताना मी उदाहरण द्यायचो: आपल्याच एका जुन्या कामगाराने एकदा स्वतः वॉशर अडकवला आणि काय झालं बघा. पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा कान तापले. दहाव्यांदा काही झालं नाही.

नाना निवृत्त झाले त्या दिवशी सकाळी अशीच नवी तुकडी हॉलमध्ये बसली होती. नाना सगळ्यांना भेटत फिरत होते, ते मागच्या खुर्चीवर येऊन टेकले. मी त्यांना पाहिलं, पण बोलण्याच्या ओघात ते वाक्य येऊन गेलं. मागून डावा हात वर झाला. "माझा," नाना हसत म्हणाले, आणि पोरांना नीट दिसावा म्हणून हात उलटासुलटा करून दाखवला. पोरं हसली. मी पुढचं काय शिकवलं ते मला आठवत नाही.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी झाला. त्यांना गावी सोडायला मी माझी गाडी काढली. घरासमोर गाडी थांबवली तरी मी दार उघडलं नाही. मांडीवर शाल आणि नारळ घेऊन नाना बसले होते.

"नाना," मी म्हणालो, "त्या दिवशी आठ नंबरवर शेवटचा तास मी बसलो होतो. बबनभाऊ आधीच घरी गेले होते. वॉशर माझा होता."

त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग विचारलं, "कायम व्हायचं व्हतं तुला, न्हाई का?"

"हो."

"मंग झालास."

"झालो, नाना."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते समोरच्या काचेतून गल्लीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा तुझा." इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणालाच म्हटलं नव्हतं. मग दार उघडून उतरले, शाल खांद्यावर टाकली आणि आपल्या घराकडे न जाता पुढे चालू लागले. दोन घरं सोडून. मी मागून गेलो.

बबन पहिली पाळी करून आला होता आणि अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. नानांना पाहून तो उभा राहिला, हात धोतराला पुसायला गेला आणि आपण पँटमध्ये आहोत हे लक्षात येऊन तसाच थांबला. नाना अंगणाच्या कडेला उभे राहिले. डावा हात वर केला.

"बबन, अकरा वरसं तुझ्याशी बोललो न्हाई. त्यो माझा."

"नाना, तुमी कशापायी," बबन म्हणाला, "माझंच चुकलं. वॉशर म्या रोजच लावायचो. त्या दिशी घाईत काढायचा राहिला. सांगायला तोंड न्हवतं मला."

"त्यो तुझा न्हाई," नाना म्हणाले आणि माझ्या पुढून बाजूला झाले.

म्हणजे अकरा वर्षं बबन माझी चूक आपली समजून जगला होता. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी नानांना सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, साचा बदलायला काढल्यापासून सगळं. बबन ऐकता ऐकता पायरीवर बसला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, नानांकडेही नाही.

"पोरीच्या लग्नाची पत्रिका घिऊन दोनदा नानाच्या दारापतूर गेल्तो," तो म्हणाला. "दोनी बारीला माघारी आलो."

नाना त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मी अंगणात उभा होतो. माझा हात केव्हा वर गेला होता ते मला कळलं नाही. तो खाली घे, असं त्या दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.