जिकडे जायचं ते वर

आमचे नकाशेसर उत्तर दिशेला मान देत नसत. नकाशात उत्तर वरच असली पाहिजे, हे त्यांच्या लेखी साहेबाचं खूळ. सोलापूरच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे आणि जुन्या मराठी नकाशांच्या नकला फळ्यावर लावायचे. त्यात दक्षिण वर, डोंगर आडवे पडलेले, नदीत मासे आणि गावापेक्षा झाड मोठं. आम्ही माना वाकड्या करून बघू लागलो की सर ओरडायचे, "माना कशाला मोडताय? जिकडे जायचं ते वर काढायची रीत हाय ही. तुमी फिरा की!" मग सगळा वर्ग दक्षिणेकडे तोंड करून उभा राहायचा. दक्षिणेला कॅन्टीन होतं, त्यामुळे आम्ही हे अगदी मनापासून करायचो.

जुनी स्थळमाहात्म्यं त्यांना तोंडपाठ. त्यांत प्रत्येक क्षेत्र स्वतःला काशीहून जवभर मोठं म्हणवतं, आणि सरांनी ते माप उचललं होतं. कॅन्टीनचा चहा काशीहून जवभर जास्त. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी जवभर जास्त. सरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, शेंगाचटणी मात्र दोन जव, कारण काकू स्वयंपाकघरातून ऐकत असायच्या.

मी त्यांच्याच गल्लीतला, म्हणून त्यांच्या मुलीच्या, मेघाच्या लग्नात राबायला होतो. लग्न मंगळवेढ्याजवळ, त्यांच्या शेतावर. "अप्पा, पत्रिकेवर मोबाईलचं लोकेशन टाका, पुण्याची माणसं चुकतील," मेघा विनवत होती.

"आपल्या दारी येणारा माणूस ठिपका बघून येणार व्हय?" म्हणत सरांनी नकाशा स्वतः काढला. दक्षिण वर. चिंचोळीची एमआयडीसी काडेपेटीएवढी आणि बांधावरचा वड सोलापूर शहराएवढा, कारण मेघाचा झोका त्या वडाला होता.

व्हायचं तेच झालं. 'वर' म्हणजे उत्तर, असं समजून वऱ्हाडाची बस मोहोळवरून बार्शीच्या वाटेला लागली. मुहूर्त तोंडावर आला, मेघा मुंडावळ्या बांधून रडकुंडीला आली, आणि फोनवर व्याही नुसते तापले होते. सर त्यांना म्हणाले, "कागद फिरवू नका, बस फिरवा की!" आम्ही तोंडं फिरवून हसून घेतलं.

मुहूर्त टळलाच. गुरुजींनी संध्याकाळचा काढून दिला आणि लोकांनी आधी जेवून घेतलं. सर मात्र जेवले नाहीत. मेघाजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं गं माझं." मेघानं पत्रिका पाहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "वड मात्र लई छान काढलाय, अप्पा."

सर जाऊन आता वर्ष झालं. काकू त्यांच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे गल्लीतलं घरही विकलं गेलं. परवा कामासाठी पुण्याला गेलो होतो, म्हटलं मेघाला भेटून यावं. लोकेशन मागितलं, तर तिनं हातानं काढलेल्या नकाशाचा फोटो धाडला. मला हसूच आलं. नदीत मासे होते. तिची बारा मजली इमारत खाली कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठं, आमच्या गल्लीतलं सरांचं घर.

मी आधी मान वाकडी केली. मग भर रस्त्यात सोलापूरकडे तोंड करून उभा राहिलो. शेजारी रिक्षा थांबली आणि रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, कुठं जायचंय?"

मी फोनवरचा नकाशा त्याच्यापुढं धरला, आणि त्यानं मान वाकडी केली.