बेटांना मी एक दिवस मागे ढकललं

"हा सोमवार कुठून आला?" सिस्टर मोनिकांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. माझा बॉस डेक्लन चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबला.

विचारणाऱ्या बाई होत्या सत्तरीच्या आयरिश नन. पॅसिफिकमधल्या किरिबास देशात बावीस वर्षं शाळेत शिकवून त्या मायदेशी मलिंगारला परतल्या होत्या, आणि आमच्या कंपनीचा श्वास त्यांच्या एका सहीवर अडकला होता.

तिथल्याच डंडॉक गावात आम्ही सहा जण शाळांसाठी भूगोलाच्या सीडी बनवायचो. डॉट-कॉमचा फुगा नुकताच फुटला होता. वितरकाची अट होती की प्रत्येक देशाचा भाग तिथे राहून आलेल्या माणसाकडून तपासून घ्या, सही आणा, मगच ऑर्डर. सगळ्या सह्या आल्या होत्या, ही एकच बाकी. ती हुकली तर कंपनीला कुलूप, आणि वर्क परमिट कंपनीच्या नावावर असल्यामुळे मला पुण्याचं तिकीट.

किरिबास माझ्या गळ्यात पडलं त्याला कारण डेक्लनचं भूगोलाचं ज्ञान. "मीना, तू गरम देशातली. यू विल बी ग्रँड!" मी पुण्यात स्वेटर घालून वाढले हे त्याला कोण सांगणार?

पण मी त्या देशाच्या प्रेमात पडले. लिहितात किरिबाती, म्हणतात किरिबास. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली तेहेतीस बेटं. सगळी जमीन गोळा केली तर मुंबईहून थोडीशी जास्त, आणि समुद्र जवळजवळ भारताएवढा! बहुतेक बेटं अंगठीसारखी, मध्ये खारं तळं. त्याला अॅटॉल म्हणतात. डोंगर नाही, नदी नाही. माणसं मासे, नारळ आणि खड्डे खणून लावलेला बबाई यांवर जगतात. बबाई म्हणजे आपल्या अळूचा थोरला भाऊ. गावाच्या मधोमध मानेआबा, म्हणजे सभेचं मोठं घर. त्यावरचं छप्पर आपल्या केवड्याच्या भाऊबंदाच्या पानांचं. आत प्रत्येक कुटुंबाची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. नव्या सुनेलासुद्धा विचारावं लागत नाही, कुठे बसू म्हणून.

हे सगळं सिस्टरना आवडलं. दोनदा "लव्हली" म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

ते घड्याळ माझी खास कलाकुसर. बेटावर क्लिक करा, तिथली वेळ पाहा. आमच्याकडे सोमवार दुपारचे दोन. राजधानी तारावात मंगळवार पहाटेचे दोन. बरोबर. पूर्वेकडच्या ख्रिसमस बेटावर सोमवार पहाटेचे चार.

"एकाच देशात दोन वार?" सिस्टर म्हणाल्या. "मी गेले तेव्हा तसंच होतं. मध्ये वार बदलायची रेषा होती ना. इकडे सोमवारी ऑफिस उघडायचं, तिकडे लोक रविवारच्या प्रार्थनेला. तिकडे शुक्रवार आला की इकडे शनिवारची सुट्टी. कामाचे चारच दिवस जुळायचे. शेवटी सरकारने रेषाच पूर्वेला सरकवली. सात वर्षं झाली त्याला. तू ती परत मागे आणलीस?"

माझा चेहरा उतरला, कारण गुन्हेगार मीच. लंडनजवळच्या ग्रिनिचच्या घड्याळापासून प्रत्येक जागा किती तास पुढे ते आम्ही एका तक्त्यात भरतो. ख्रिसमस बेटापुढे चौदाचा आकडा होता. माझ्या मते जग बारा तासांत संपायचं. मग मी शहाणपणाने कोड लिहिला होता: आकडा बाराच्या वर दिसला तर टायपिंगची चूक समजा आणि चोवीस वजा करा. तास तेच राहिले, वार मागे गेला. टोंगा देशालाही मी असंच कालच्यात ढकललं होतं. ते सिस्टरना बोलले नाही.

"शाळेत हे नाही चालायचं," म्हणून त्यांनी पेन पर्समध्ये ठेवलं. "तीन वाजता माझी बस आहे."

मी उभी राहिले, हात जोडले आणि नाटकातल्यासारखा सूर लावला. "सिस्टर, बुबुती! अर्धा तास द्या."

किरिबासमध्ये नात्यातल्या माणसाने काही मागितलं की त्याला बुबुती म्हणतात. समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते.

"बुबुती आप्तांनी करायची. तू माझी कोण?"

"तीन महिने तुमच्या बेटांवर राहतेय, स्क्रीनवरून का होईना. घरचीच झाले की!"

त्या खुदकन हसल्या. "घे अर्धा तास. पण देणाऱ्यालाही मागता येतं, हे विसरू नकोस."

ती ओळ खोडायला दोन मिनिटं. सीडी पुन्हा बांधायला, म्हणजे बिल्ड करायला, वीस. उरलेली आठ मी सगळ्या देवांना वाटून दिली. अडीचला ख्रिसमस बेटावर मंगळवार उजाडला.

सिस्टरनी पेन काढलं, आणि टोपण काढायच्या आधी म्हणाल्या, "आता माझी बुबुती. सीडीच्या कव्हरवरची ती नाचणारी मुलगी काढा. ती हवाईची आहे. आमच्याकडे नाचताना हसत नाहीत. समुद्रपक्ष्यासारखे हात पसरायचे, मान झटकन फिरवायची आणि चेहरा गंभीर."

डेक्लन तीनताड उडाला. "कव्हरं छापून झालीयेत, सिस्टर! खोकी भरून आहेत. आणि हवाई काय, किरिबास काय, कुणाला कळणार?"

"मला कळलं," सिस्टर म्हणाल्या.

"डेक्लन," मी म्हणाले, "याला नाही म्हणता येत नाही."

"मी कुठे त्यांच्या नात्यात आहे?"

"तू माझा बॉस. मी घरची. म्हणजे तूही आलास."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग खोक्यांकडे, मग सिस्टरच्या पेनाकडे. "जीझस," तो पुटपुटला, सिस्टरना सॉरी म्हणाला आणि मान डोलावली.

सही झाली. सिस्टरना बसही मिळाली. नव्या कव्हरवर मानेआबाचं छप्पर आलं, ऑर्डर आली, कंपनी चालू राहिली आणि माझं परमिट रिन्यू झालं. जुनी कव्हरं आम्ही वर्षभर कॉफीच्या मगांखाली वापरली.

तेव्हापासून कोडमध्ये 'असं असूच शकत नाही' असं लिहायची वेळ आली की मी आधी थांबते. तसं कुठेतरी असतंच, आणि तिथल्या शाळेत कुणीतरी बावीस वर्षं शिकवून आलेलं असतं.