पाय लागला की

हॅन्डबॉल म्हणजे फुटबॉलमधली चूक, असं आमच्या वारज्याच्या सोसायटीत अजूनही समजतात. माझी मुलगी या खेळात गोलरक्षक आहे आणि तिचा क्लब महिला क्लबांच्या आशियाई स्पर्धेला निघालाय, हे सांगितल्यावर शेजारचे काका म्हणाले, "अरे वा! म्हणजे चूक करायला थेट परदेशात?" मी त्यांना पेढा दिला नाही.

या खेळात चेंडूला पाय लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही चेंडू अडवताना. आणि इथंच आमचं घर आडवं आलं. पुस्तकाला, ताटाला, माणसाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे मी तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती चेंडूलाही करायची. चेंडू निसटला असेल तर हात जमिनीला, मग छातीला. इथल्या सामन्यांत ते खपून जायचं. बघणाऱ्या बायका म्हणायच्या, संस्कार आहेत हो.

शेवटच्या साखळी सामन्यात नुसती बरोबरी राहिली असती तरी क्लब उपांत्य फेरीत जाणार होता. आम्ही दोघं मोबाइलला चिकटून बसलो होतो. सामना संपता संपता तिनं पायानं एक जबरदस्त फटका अडवला. "आडिवला! आपली पोरगी हाय ती!" हे ओरडले. यांचा जन्म वारज्यातला, वारजं गाव होतं तेव्हाचा. चेंडू उसळून पुन्हा समोरच्या मुलीच्याच हातात गेला. आणि आमची वाकली. हात जमिनीला, हात छातीला. तेवढ्यात चेंडू तिच्या डोक्यावरून जाळ्यात.

मला वाटलं, मोबाइल अडकलाय. यांनी तो झटकूनसुद्धा पाहिला. पडद्यावर दुसऱ्या मुली नाचत होत्या आणि आमची अजून हात छातीशी धरून उभी होती.

सकाळपर्यंत व्हिडिओचा तेवढाच तुकडा पुणेभर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "चेंडूला नमस्कार, आशियाला रामराम." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगल्या वळणाची ही शिक्षा?

ती परतली, पण रडली नाही. प्रशिक्षक बाईंनी बजावलं होतं, सवय सोड, नाहीतर गोल सोड. पाय लागला की दोन्ही हात वर, बाकी काही नाही. ती रोज मैदानावर जाऊन तेवढंच घोकत राहिली. सवय सुटू दे म्हणून मीच देवापुढे हात जोडत होते.

परवा आम्ही तिघं खाली जेवायला बसलो होतो. मांडी बदलताना तिचा पाय माझ्या गुडघ्याला लागला. तिचे दोन्ही हात ताडकन वर गेले, हातातल्या वाटीतली आमटी सगळीकडे उडाली. यांचा घास तोंडाशीच राहिला.

"आई, सुटली गं!" ती आनंदानं ओरडली.

हेच तर हवं होतं मला. तरी ती फडकं आणायला उठली, तेव्हा मी माझ्याच गुडघ्याला हात लावून तिच्या वाटणीचा नमस्कार करून टाकला.